किल्ली घरात, गाडी बाहेर

माझे मामा मोसंबीचे व्यापारी. नव्या जालन्यात त्यांचे घर अगदी रस्त्यालगत आहे. वीस वर्षे एका जुन्या जीपमधून बागा पालथ्या घातल्यावर गेल्या दिवाळीत त्यांनी नवी मोटार घेतली. तिचे हप्ते अजून फिटायचे आहेत. किल्ली खिशात असली की दार उघडते आणि बटण दाबताच इंजिन सुरू होते. ही किल्ली मामा घरात शिरताच दाराजवळच्या खुंटीला अडकवीत. त्या खुंटीवरूनच आमचा वाद झाला.

“अरे, कुलूप न तोडता, किल्ली न चोरता गाडी जाईल कशी?” मामांनी विचारले.

मी पडलो कला शाखेचा; तरी वाचले होते तेवढे सांगितले. एखाद्या वाड्याच्या देवडीवर पहारेकरी आहे असे समजा. तो परवलीचा शब्द विचारतो, धनी उत्तर देतो, दिंडी उघडते. प्रश्न दर वेळी नवा, त्यामुळे कालचे उत्तर आज चालत नाही. पण धनी माडीवर झोपला असता एका भामट्याने पहारेकऱ्याचा प्रश्न दुसऱ्याला कळवला, दुसऱ्याने तो माडीखाली उभे राहून धन्याला ऐकवला आणि धनी झोपेतच उत्तरला, तर? भामट्यांना त्या शब्दाचा अर्थ कळण्याचीही गरज नाही.

मोटारीचे असेच आहे. दाराच्या मुठीला हात लागताच ती सुमारे १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर हाक देते. ही हाक जेमतेम एक-दोन मीटर पोचते. किल्ली निराळ्या रेडिओलहरींवर उत्तर देते. ते बरेच लांबवर जाते. हाक ऐकली म्हणजे किल्ली जवळच असणार, असा मोटारीचा भाबडा हिशेब! चोर ती हाकच लांबवतात. एक जण पेटी घेऊन मोटारीपाशी उभा राहतो, दुसरा भिंतीबाहेर, बरोबर खुंटीच्या अंगाला.

२०११ साली झुरिचच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर हा प्रयोग केला, दहाही फसल्या. २०१७ मध्ये इंग्लंडातील सोलिहल येथे दोघांनी अशीच एक मर्सिडीज पळवली. त्याचे चित्रण तेथील पोलिसांनीच प्रसिद्ध केले.

“पण किल्ली मागे राहिली की गाडी वाटेत बंद पडेल ना?”

नाही पडत. धावत्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडणे धोक्याचे, म्हणून ते चालूच राहते. येथे मामा गप्प झाले.

नव्या काही मोटारी उत्तर यायला लागलेला वेळ मोजून किल्लीचे अंतर ठरवतात. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे तीस सेंटिमीटर जातो, यावरून हे मोजमाप किती नाजूक असेल ते पाहा! काही किल्ल्या हालचाल थांबली की आपोआप निजतात. मामांच्या गाडीत यातले काहीच नव्हते. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा त्यांनी लगेच आणला. चोराला तो तोडत बसावे लागते. आणि किल्लीसाठी धातूचे आवरण हवे. पोलादाच्या सळयांसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या गावाला धातूची काय वाण?

मामींनी आधी प्लास्टिकच्या झाकणाचा डबा दिला. किल्ली आत ठेवून आम्ही तो मोटारीशेजारी नेला, मूठ ओढली, दार उघडले. मग घट्ट झाकणाचा लाडवांचा पत्र्याचा डबा घेतला. दार हलले नाही. मामांनी तीनदा ओढून पाहिले.

“झाले तर!” ते म्हणाले.

“आणि दुसरी किल्ली, मामा?”

ती रस्त्याकडच्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात होती. मामींनी उरलेले लाडू ताटात काढून ठेवले.