उपग्रहाच्या रडारने मोजलेली जमिनीची हालचाल

नासाने 1978 साली सोडलेला सीसॅट उपग्रह जेमतेम 105 दिवस चालला. त्याचे काम समुद्र पाहण्याचे. पण जाता जाता त्याच्या रडारने जमिनीच्याही प्रतिमा टिपल्या. गॅब्रिएल, गोल्डस्टीन आणि झेबकर या संशोधकांनी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि 1989 मध्ये दाखवून दिले की, कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यातली पाणी दिलेली शेते काही सेंटिमीटर फुगली होती.

रडार परतलेल्या लहरीच्या तीव्रतेबरोबर तिची कलाही, म्हणजे लहर चढउताराच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहे हेही, नोंदवते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात जमीन हलली, तर उपग्रहापासूनचे अंतर बदलते आणि कलाही बदलते. दोन प्रतिमांतल्या कलांची वजाबाकी करून त्यातून डोंगरदऱ्यांच्या उंचीचा वाटा काढला, की हालचाल रंगीत पट्ट्यांच्या रूपात उरते.

या पद्धतीला खरी ओळख मिळवून दिली ती लँडर्सच्या भूकंपाने. 28 जून 1992 रोजी मोहावी वाळवंटात 7.3 तीव्रतेचा धक्का बसला. युरोपचा ईआरएस-1 उपग्रह तेव्हा नुकताच कामाला लागला होता आणि त्याच्याकडे भूकंपाच्या आधीची प्रतिमा होती, हे नशीबच. त्याच्या रडारची तरंगलांबी सुमारे 5.6 सेंटिमीटर, लहर जाऊन परत येत असल्याने एक पट्टा म्हणजे 28 मिलिमीटरची हालचाल. भ्रंशरेषेकडे जाताना हे पट्टे दाटत जातात. ते नुसते मोजत गेले तरी कुठे किती जमीन सरकली हे कळते. फ्रान्सचे मासोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले या पट्ट्यांचे चित्र 1993 मध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर झळकले. त्याच वर्षीच्या किल्लारी भूकंपातील जमिनीच्या हालचालीचा रडार प्रतिमांवरून केलेला अभ्यास मात्र 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे उत्साह जरा ओसरला. एटना ज्वालामुखी खचल्याची खूण म्हणून 1995 मध्ये मांडलेल्या पट्ट्यांपैकी काही हवेतल्या बाष्पामुळे उमटले होते, असे नंतर आढळले. शेतात पीक वाढले की दोन प्रतिमांचा मेळच बसत नाही. शिवाय रडारला दिसते ती फक्त त्याच्या दृष्टिरेषेतली हालचाल. उत्तर-दक्षिण सरकलेली जमीन जवळजवळ हुकतेच. यातल्या पहिल्या दोन अडचणींवर मिलानच्या फेरेत्ती, प्राती आणि रोका यांनी तोड काढली. इमारती, खडक यांसारखे वर्षानुवर्षे एकसारखा प्रतिध्वनी देणारे बिंदू तेवढे निवडायचे आणि डझनावारी प्रतिमांतून त्यांचा माग काढायचा. त्यामुळे शहरांचे वर्षाला काही मिलिमीटरचे खचणेही मोजता येऊ लागले.

2014 च्या सेंटिनेल-1 उपग्रहाने दर 12 दिवसांची नोंद सर्वांना मोफत खुली केली. या क्षेत्रात त्याने मोठा फरक पडला. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह झेपावला. त्याचे एक रडार नासाचे, दुसरे इस्रोचे. नासाच्या रडारची 24 सेंटिमीटरची लहर झाडोऱ्यातून बरीच खाली पोहोचते. म्हणून आखूड लहरीच्या उपग्रहांना अवघड गेलेले दाट रानाचे उतारही आता मोजणीच्या आवाक्यात येतात.