मुलाला तालमीत घालताना

यात्रेतला कुस्त्यांचा फड पाहून आला की पोरगा मागे लागतो, “आबा, मला तालमीत घाला.” हौस चांगलीच आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचेच. पण घाई करू नका. आधी दोन-चार संध्याकाळी स्वतः तालमीत जाऊन बसा.

वस्ताद शिकवतो कसा, ते पाहा. अंग गरम झाल्याशिवाय कुस्ती लावू नये. जोड लावताना वय आणि वजन दोन्ही जुळावे. दहा वर्षांचे पोर पंधराच्याशी भिडवणे ही मर्दुमकी नव्हे. नवख्याला पडायचे कसे ते आधी शिकवावे. माती उकरून मऊ केलेली, खडे वेचलेली असावी.

पडल्यावर मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात असे मूल म्हणाले, तर चोळू नका, उठवू नका. मान न हलवता तसेच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. इथे हयगय झाली तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते.

नायटा झालेल्या मुलाला बरा होईपर्यंत मातीत उतरवू नका. खुराकाला दूध, भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी पुरेत; डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडरी आणि इंजेक्शने नकोत.

मुलीलाही हेच नियम. आईबापांनी केव्हाही डोकावले तरी चालेल, अशीच तालीम निवडा. आनंदाने जाणारे मूल एकाएकी ‘नको’ म्हणू लागले, तर रागावू नका. जवळ बसवून कारण विचारा.

गदा मिळो न मिळो, पोर धडधाकट घरी आले पाहिजे.