अकराव्या वर्षी आकाशवेध

लंडनमधील ग्रिनिचची रॉयल वेधशाळा २००९ पासून खगोल-छायाचित्रांची जागतिक स्पर्धा भरवीत आहे. तीत सोळा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र विभाग असतो. २०२० मध्ये त्या विभागात प्रथम आली हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरील ११ वर्षांची मुलगी. चंद्र आणि शुक्र, बुध, गुरू, शनी हे चार ग्रह एकाच सायंकाळी समुद्रावर दिसत असताना तिने ते दृश्य टिपले. बुध क्षितिजालगत थोडाच वेळ दिसतो. एखादा ढग आडवा आला की संधी गेली. म्हणून दिवस, वेळ व जागा आधीच हेरावी लागते, कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवावा लागतो. मुलांना महागड्या उपकरणाआधी हवी असते ती अंधारात थांबण्याची मुभा आणि वडीलधाऱ्यांची सोबत.