मुंग्यांच्या घरी नांदणारा सुतार

सूक्ष्म जीवांची जपणूक हा जैन कुटुंबांतील नित्याचा संस्कार आहे. चबुतऱ्यावर रोज दाणे पडतात. कबुतरे, चिमण्या ते टिपतात. परंतु या दाण्यांकडे न वळणारेही पक्षी आहेत. सह्याद्रीपासून श्रीलंका, ब्रह्मदेश व बोर्निओपर्यंतच्या उष्ण प्रदेशात आढळणारा तांबूस सुतारपक्षी हा त्यांपैकीच एक.

सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या या पक्ष्याच्या तांबूस-तपकिरी अंगावर काळ्या आडव्या रेघा असतात. मुंग्या, त्यांची अंडी व कोष हा त्याचा मुख्य आहार. झाडांच्या फांद्यांवर लगद्याची कागदासारखी घरटी बांधणाऱ्या काळ्या मुंग्या त्याला विशेष प्रिय. ताठ शेपटीचा टेका देऊन तो घरट्याला बिलगतो, चोचीने ते फोडतो आणि लांब, चिकट जिभेने मुंग्या टिपतो. जिभेला आधार देणारी हाडे कवटीला मागून वळसा घालून पुढे येत असल्यामुळे ती चोचीबाहेर दूरवर पोहोचते. याखेरीज वाळवी व फळे तो खातो. सावर, पांगारा यांच्या फुलांतील मधुरसही घेतो.

नवल पुढेच आहे. विणीच्या हंगामात तो मुंग्यांच्या चालत्या घरट्यातच पोकळी कोरतो आणि मादी तेथे दोन-तीन पांढरी अंडी घालते. आगंतुकावर पोट उंचावून तुटून पडणाऱ्या या मुंग्या त्या अंड्यांना व पिल्लांना सहसा इजा करीत नाहीत.

मुंगी त्रींद्रिय, पक्षी पंचेंद्रिय तिर्यंच. पक्ष्याचा आहार त्याच्या जन्माबरोबर आलेला. काय खावे, काय टाळावे याचा पूर्ण विवेक मनुष्यभवातच लाभतो. म्हणून दोष पक्ष्याकडे जात नाही, जबाबदारी मात्र माणसाकडे येते. आंब्याच्या बागेत वा बंगल्याच्या आवारात मुंग्यांचे घरटे दिसताच औषध फवारले जाते किंवा फांदी तोडून जाळली जाते. त्या एका कृतीत असंख्य त्रींद्रिय जीवांचा घात होतो, आणि सुतारपक्ष्याचे अन्न व घर दोन्ही एकदमच जातात.

जाण्यायेण्याच्या वाटेवर नसलेली अशी एखादी फांदी तशीच राहू द्यावी. त्याला खर्च काही नाही. लागतो तो थोडा संयम, आणि जीवदयेचे पुण्य दोन्ही जीवांच्या वाट्याचे मिळते.