गोल्फपूर्व व्यायाम

गोल्फच्या फेरीतील पहिला फटका मारण्यापूर्वी शरीर तापवण्यासाठी आणि सांधे व स्नायू मोकळे करण्यासाठी केल्या जाणाऱ्या हलक्या व्यायामास गोल्फपूर्व व्यायाम किंवा वॉर्म-अप असे म्हणतात. स्नायूंना ताण देणे, म्हणजेच स्ट्रेचिंग, हा त्याचाच एक भाग होय.

गरज

गोल्फ हा संथ खेळ समजला जातो. १८ होलांच्या फेरीस सुमारे चार तास लागतात व त्यांतील बराच वेळ चालण्यात जातो, हे खरे. परंतु प्रत्यक्ष फटका संथ नसतो. वर नेलेला क्लब चेंडूपर्यंत खाली येण्यास साधारण पाव सेकंद पुरतो आणि आघाडीच्या व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या क्लबचे टोक त्या अवधीत ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. त्यातच पहिल्या फटक्यासाठी बहुधा सर्वांत लांब क्लब, म्हणजे ड्रायव्हर, हाती घेतला जातो.

कमरेवरील भार

गोल्फमधील दुखापतींत कंबरदुखीचे प्रमाण मोठे आहे. त्याचे एक कारण कण्याच्या रचनेत आहे. कमरेचे पाच मणके मुख्यतः पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेले असतात. त्यांच्यातील सांध्यांच्या ठेवणीमुळे प्रत्येक मणका जेमतेम दोन-तीन अंश वळू शकतो. क्लब मागे नेताना मात्र खांदे सुमारे ९० अंश वळवावे लागतात. हे वळण प्रामुख्याने खुब्याचे सांधे आणि छातीमागील १२ मणके यांनी पुरवायचे असते. ते आखडलेले असतील, तर उणा पडलेला हिस्सा कमरेकडून ओढून घेतला जातो. म्हणूनच केवळ वाकून पायाची बोटे धरण्यासारखे व्यायाम येथे अपुरे ठरतात.

भल्या सकाळी खेळणाऱ्यांनी अधिक जपणे इष्ट. झोपेत मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यानंतर तासभर कंबर ताठर राहते आणि वाकताना चकत्यांवर जास्त ताण येतो. उन्हे चढण्यापूर्वी फेरी आटोपण्याची भारतीय खेळाडूंची सवय लक्षात घेता ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

स्थिर आणि गतिशील ताण

अवयव एकाच स्थितीत ताणून धरणे हा स्थिर ताण, तर लयबद्ध हालचालीतून दिला जाणारा तो गतिशील ताण. खेळाच्या अगदी आधी स्थिर ताण दीर्घकाळ दिल्यास स्नायूंची झटक्यात जोर लावण्याची क्षमता काही वेळ मंदावते. असा ताण फेरीनंतर देणे अधिक योग्य. फेरीपूर्वी पाच-दहा मिनिटे झपझप चालून अंग तापवावे, मग क्लबचा आधार घेऊन पाय पुढे-मागे झुलवावेत आणि क्लब खांद्यांवर आडवा धरून धड दोन्ही बाजूंस सावकाश वळवावे. त्यानंतर आखूड क्लबने अर्धे स्विंग सुरू करून वेग क्रमाने वाढवीत ड्रायव्हरपर्यंत यावे. पाठीचा जुना विकार असल्यास हा क्रम वैद्यकीय सल्ल्याने ठरवावा.

प्रत्यक्ष आचरण

ऑस्ट्रेलियातील संशोधक अँड्रिया फ्रॅडकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हजाराहून अधिक हौशी खेळाडूंचे निरीक्षण केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, निम्म्याहून थोड्या अधिक खेळाडूंनी काही ना काही पूर्वव्यायाम केला. पण बहुतेकांचा व्यायाम म्हणजे टीवर उभे राहून हवेत फिरवलेले काही स्विंग एवढाच होता. याच गटाच्या २००४ मधील प्रयोगात नियमित पूर्वव्यायाम करणाऱ्यांच्या क्लबचा वेग वाढल्याचे आढळले.

व्यावसायिकांमध्ये स्पेनचे मिगेल आन्हेल हिमेनेझ त्यांच्या पूर्वव्यायामासाठी प्रसिद्ध आहेत. गुडघे व कंबर गोलाकार फिरवण्याच्या त्यांच्या तऱ्हेची प्रेक्षक थट्टाही करतात. त्यांच्या तोंडातील सिगारमुळे ते दृश्य आणखीच विनोदी भासते. खुबे मोकळे करण्याच्या दृष्टीने मात्र त्या हालचाली अचूक आहेत. २०१४ मध्ये वयाच्या ५०व्या वर्षी स्पॅनिश ओपन जिंकून ते युरोपियन टूरवरील सर्वांत वयस्कर विजेते ठरले.

पूर्वव्यायाम आणि पहिला फटका यांत फार अंतर पडल्यास शरीर पुन्हा थंड होते. पुढील गटामुळे टीवर खोळंबावे लागल्यास खांद्यांवर क्लब धरून धड वळवणे चालू ठेवतात.