वाघ वाचवायचा, तर आधी अर्ज लिहा!

१९७२ साली देशात वाघांची पहिली मोजदाद झाली आणि आकडा निघाला अवघा १,८२७. इंदिरा गांधींनी डॉ. करणसिंह यांच्या नेतृत्वाखाली एक कृतिदल नेमलं. त्या कृतिदलाने वाघ वाचवण्यासाठी एक नियोजन प्रस्ताव तयार केला. कोणती जंगलं घ्यायची, तिथे काय करायचं, किती वर्षं करायचं आणि पैसा किती लागेल, याचा तो लेखी आराखडा होता. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या गाय माउंटफर्ट यांनी दहा लाख डॉलर उभे करून देण्याचा शब्द दिला आणि १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेटमध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाटही होता. २०२२च्या गणनेत वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२वर पोहोचला.

या कथेतले वाघ, जंगलं, जिप्सी आणि कॅमेरे सगळ्यांना ठाऊक असतात. त्या कागदाची आठवण मात्र कुणी काढत नाही. आजही एखादा प्राणी वाचवायचा म्हटलं, की सुरुवात त्या कागदापासूनच होते. आणि घोडं अडतं तेही तिथेच.

लोदी इस्टेट ते नोएडा

वन्यजीवांसाठी मिळणाऱ्या पैशांचे बरेच रस्ते दिल्लीकडे जातात. पर्यावरण मंत्रालय जोरबागेत. तिथून जवळच, लोदी इस्टेटमध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाचं मुख्यालय (ही संस्था जन्मली मात्र १९६९ साली आपल्या मुंबईत). यमुना ओलांडली की नोएडात १९९८ साली स्थापन झालेली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आहे. वन्यजीवांवर अचानक संकट कोसळलं, तर ही संस्था छोट्या कार्यकर्त्यांनाही तातडीची मदत देते. नोएडातच हॅबिटॅट्स ट्रस्ट आहे. एचसीएल समूहाच्या रोशनी नाडर-मल्होत्रा आणि शिखर मल्होत्रा यांनी २०१८ साली तो स्थापन केला. हा ट्रस्ट अर्ज मागवून अनुदानं देतो. साहजिकच वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांना अर्ज कसा लिहावा, हे शिकवणं हाच आता एक स्वतंत्र विषय झाला आहे.

शिकवायचं काय त्यात? मुलाखतीला कसं बसावं हे शिकवण्यासारखंच हे काहीतरी असेल, असं वाटू शकतं. पण प्रकरण जरा खोल आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण घेऊ. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ साली तिथे सागरी कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. आता समजा, शेजारच्या एखाद्या किनाऱ्यावरच्या तरुणाला असंच काम करायचं आहे. तो उत्साहाने लिहितो, ‘आमच्या किनाऱ्यावरची कासवं वाचवणं हा आमचा हेतू आहे.’ हेतू उत्तम, अर्ज नापास. कारण वाचणाऱ्याला प्रश्न पडतात. कासवांना धोका कशाचा? अंडी माणसं पळवतात, की कुत्री आणि कोल्हे उकरतात? गेल्या हंगामात घरटी किती सापडली? तुमच्या कामाने नेमकं काय बदलेल?

तोच तरुण शिकून आला की लिहील, ‘नोव्हेंबर ते मे या काळात गावातले चार जण रोज पहाटे पाच किलोमीटर किनारा फिरतील, सापडलेली घरटी कुंपणात हलवतील, अंडी फुटायला सुमारे पन्नास दिवस लागतात, तोवर रात्रीचा पहारा राहील, अंडी किती आणि पिल्लं किती, याची वही रोज भरली जाईल.’ काम तेच, माणूसही तोच! पण आता पैसे देणाऱ्याला किनारा दिसू लागतो.

सगळ्यात अवघड जातं ते अंदाजपत्रक. आपल्याकडच्या कार्यकर्त्याला स्वतःचा पगार लिहायची लाज वाटते. तो कॅमेरे लिहितो, दुर्बिणी लिहितो; पण मोटारसायकलचं पेट्रोल, बॅटऱ्या, हिशेबनिसाचे पैसे आणि पहारा देणाऱ्याची मजुरी विसरतो. मग सहा महिन्यांत खिशातून खर्च सुरू होतो आणि घरात कुरबुर. शिवाय वनखात्याची परवानगी हवी. कासवाची अंडी हलवायची, तर मनात चांगला हेतू असून भागत नाही. खात्याचं पत्र हातात लागतं.

कायदा बदलला तेव्हा

या शिक्षणाची निकड गेल्या काही वर्षांत वाढली, त्याला एक ठोस कारण आहे. पूर्वी दिल्लीतली मोठी संस्था परदेशातून देणगी घेई आणि त्यातला काही भाग कोकणातल्या किंवा विदर्भातल्या छोट्या संस्थेला देऊ शके. मोठ्या संस्थेने इंग्रजीत अर्ज लिहायचा, छोटीने रानात काम करायचं, अशी ती वाटणी होती. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि असे पैसे पुढे देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा झाला पाहिजे, असंही ठरलं; मग संस्था चिपळूणची असो की चंद्रपूरची. नोंदणी हवी, तर संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी आणि त्या काळात तिने कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत.

छोट्या संस्थेला आता देशातलाच पैसा शोधावा लागतो, आणि तोही स्वतःच्या लेखणीने. २०१३च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते आणि त्या यादीत वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षणही आहे. पण गुरगावच्या एखाद्या कंपनीतल्या अधिकाऱ्याने रानमांजर कधी पाहिलेलं नसतं. त्याच्यापुढे शाळेचा अर्ज असतो, दवाखान्याचा असतो, आणि त्यांच्याबरोबर तुमच्या खवल्या मांजराचाही. दोन पानांत त्याला ते मांजर दाखवता आलं पाहिजे.

आणि हे बहुतेक वेळा इंग्रजीत. इथे आमचं स्पष्ट मत असं, की हा अन्याय आहे. पायाचा ठसा पाहून बिबट्याची मादी आहे की नर, हे सांगणाऱ्या माणसाला ‘ऑब्जेक्टिव्ह’ आणि ‘आउटकम’ यांतला फरक कळत नाही म्हणून मागे सारायचं, हे कुठलं शहाणपण? मोठ्या संस्थांनी पहिला अर्ज मराठीत, हिंदीत, गोंडीतही घ्यावा. भाषांतराचा खर्च त्यांना जड नाही. तोवर शिकणं भाग आहे. गावातल्या इंग्रजीच्या मास्तरांना हाताशी धरावं. पण मजकूर स्वतःचाच असावा. उसन्या मजकुरातले मोठाले शब्द मुलाखतीत उघडे पडतात.

अशा अर्जात शेवटी एक प्रश्न हमखास असतो : आमचे पैसे संपल्यावर काम कसं चालू ठेवणार? बरेच जण इथे ‘आणखी अनुदान मिळवू’ असं लिहून मोकळे होतात. वेळासचं उत्तर वेगळं होतं. २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. ती गावातल्याच घरांत उतरतात आणि घरच्या बायकांच्या हातचं जेवतात. त्या मुक्कामाचे पैसे थेट गावाच्या हातात पडतात.