पाल्कचा उपसागर आणि तेथील मासळी

तमिळनाडूचा किनारा जेथे आत वळतो आणि समोरून श्रीलंकेचे उत्तर टोक पुढे आलेले दिसते, तेथे या दोन भूमींच्या मध्ये एक उथळ समुद्र सापडला आहे. यालाच पाल्कचा उपसागर म्हणतात. उत्तरेस पाल्कची सामुद्रधुनी त्यास बंगालच्या उपसागराशी जोडते. दक्षिणेस रामेश्वरचे बेट, रामसेतूच्या वाळूच्या बेटांची माळ आणि श्रीलंकेचे मन्नार बेट असा एक तुटक बांध असून तो या उपसागरास मन्नारच्या आखातापासून वेगळा करतो. अठराव्या शतकात मद्रासचा गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट पाल्क या इंग्रजावरून उपसागरास हे नाव पडले.

मराठी वाचकास हा किनारा अगदीच परका वाटण्याचे कारण नाही. तंजावर जिल्ह्याचा किनारा याच उपसागरावर येतो आणि मल्लिपट्टणम् या बंदराजवळ एक आठ मजली षट्कोनी मनोरा आजही उभा आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्याचे स्मारक म्हणून तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी १८१४-१५ च्या सुमारास तो बांधविला. तमिळ लोकही त्यास ‘मनोरा’ असेच म्हणतात. या मनोऱ्यावरून समोर पसरलेले पाणी पाहिले तर ते समुद्राचे न वाटता एखाद्या विस्तीर्ण सरोवराचे वाटावे, इतके ते पुष्कळदा शांत असते.

हे पाणी शांत असते, तितकेच उथळही असते. उपसागराच्या बहुतेक भागात पाण्याची खोली पंधरा मीटरांहून कमी आहे, म्हणजे एखादी पाच मजली इमारत तळावर उभी केली तर तिची गच्ची लाटांच्या वर राहील. येथील मासळीचे वैभव आणि तिच्यावर आलेले संकट ही दोन्ही या एका गोष्टीतून निघालेली आहेत.

उथळ पाण्यातून सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो आणि जेथे प्रकाश पोहोचतो तेथे वनस्पती रुजतात. पाल्कच्या उपसागराच्या तळाशी सागरी गवताची कुरणे पसरलेली आहेत. हे शेवाळ नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. शेवाळास खरी मुळे नसतात. सागरी गवतास मुळे, पाने, इतकेच नव्हे तर फुले व बियाही असतात. जमिनीवरून पुन्हा समुद्रात परतलेली ही सपुष्प वनस्पती आहे. तिची मुळे गाळास धरून ठेवतात आणि पाने पाण्याचा वेग मंदावतात. या पानांच्या दाटीत असंख्य जीवांची पिल्ले शत्रूंच्या नजरेआड वाढतात. समुद्रगाय हा पूर्णपणे शाकाहारी सस्तन प्राणी याच गवतावर जगतो. एक प्रौढ समुद्रगाय दिवसाकाठी तीस ते चाळीस किलो गवत फस्त करते. भारताच्या किनाऱ्यावर आता थोड्याच समुद्रगाई उरल्या असल्यामुळे २०२२ साली तमिळनाडू सरकारने तंजावर व पुदुक्कोट्टै या जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यांच्यासाठी संरक्षित म्हणून घोषित केले. देशात समुद्रगाईसाठी राखलेले हे पहिलेच क्षेत्र होय.

तथापि कोळ्याच्या दृष्टीने गवताचा खरा मोल कोळंबीत आहे. येथील प्रमुख कोळंबी हिरवट वाघी जातीची असते. कोळंबीच्या पुष्कळ जाती समुद्रात जन्म घेऊन बालपणी खाड्यांत शिरतात व मोठ्या झाल्यावर परत समुद्रात येतात. ही जात मात्र सारे आयुष्य समुद्रातच काढते आणि तिला खाडीची जागा सागरी गवताचे कुरण भरून देते. मादीने पाण्यात सोडलेली अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, पाण्याबरोबर वाहणारी अतिसूक्ष्म पिल्ले अनेकदा कात टाकतात आणि काही आठवड्यांतच कोळंबीचे रूप घेऊन गवतात उतरतात. तेथे ती झपाट्याने वाढतात व वर्षाच्या आत स्वतः अंडी घालू लागतात. म्हणजे कुरण नाहीसे झाले तर त्याचा परिणाम जाळ्यात दिसण्यास पिढ्या लागत नाहीत, एखाददुसरा हंगाम पुरतो.

या समुद्राचे पंचांग कोकणच्या पंचांगाहून अगदी निराळे आहे. कोकणात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होताच होड्या वर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कोणी सहसा जात नाही. पाल्कच्या उपसागरात त्याच महिन्यांत पाणी त्या मानाने शांत असते. कारण नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांचा मारा मन्नारच्या आखातास बसतो आणि रामेश्वर बेट व रामसेतू उपसागराची ढाल होतात. ऑक्टोबरपासून वारे ईशान्येकडून वाहू लागले की पारडे फिरते. आता पाल्कचा उपसागर खवळतो आणि आखात निवळते. प्रवाहही दिशा बदलतात. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात आखाताचे पाणी पांबनच्या अरुंद खिंडीतून व रामसेतूच्या फटींतून उत्तरेस येते, तर ईशान्य वाऱ्यांच्या काळात बंगालच्या उपसागराचे पाणी दक्षिणेकडे सरकते. मंडपम् व पांबन येथील कोळी त्याप्रमाणे आपल्या होड्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेतात. दोन समुद्र असे दारापुढे आणि परसात लाभलेली गावे देशात विरळाच.

या पाण्यात मिळते काय? कोळंबी आणि निळा खेकडा ही पैशाची मासळी. खेकड्यासाठी तळालगत उभे जाळे लावतात, त्यास तमिळमध्ये ‘नंडु वलै’ म्हणजे खेकड्याचे जाळे असे सरळ नाव आहे. या खेकड्याचे मांस डबाबंद होऊन मुख्यतः अमेरिकेस जाते. त्याखेरीज तारली व तिच्या लहान भावंडांचे थवे, माकूल, पाखट, आणि रुपेरी पोटाचे चपटे, बोटभर लांबीचे मासे असतात. या रुपेरी माशांस तमिळमध्ये ‘कारल’ म्हणतात. ते वाळवून गरिबांच्या ताटात येतात, एरवी त्यांचे कोणी नावही काढीत नाही. वजनाचा मोठा भाग मात्र त्यांच्यासारख्याच मासळीचा असतो. समुद्रकाकडीचा व्यापार पूर्वी येथे मोठा होता. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिला पकडण्यास बंदी झाली.

मासळी काढण्याच्या दोन रीती येथे एकमेकींसमोर उभ्या आहेत. एक देशी होडी आणि पडजाळे यांची, दुसरी ट्रॉलरची. ट्रॉलर हे यंत्रचलित जहाज लांब पिशवीसारखे जाळे तळावरून फरफटत नेते. खोल समुद्रात तळ दूर असतो, येथे तो हाताशी आहे. म्हणून हे जाळे उपसागराच्या जवळजवळ कोणत्याही भागात चालू शकते आणि चालले तेथे गवत मुळासकट उपटले जाते. कोळंबीच्या परदेशी मागणीमुळे १९६० नंतरच्या काळात ट्रॉलर येथे झपाट्याने वाढले. देशी होड्यांची जाळी त्यांच्याखाली सापडून फाटू लागली, भांडणे झाली, रक्तही सांडले. त्यातून रामनाथपुरम् जिल्ह्यात एक तोडगा निघाला, तो असा की आठवड्यातील तीन दिवस ट्रॉलरांचे व चार दिवस देशी होड्यांचे. १९८३ च्या कायद्याने किनाऱ्यालगतचे तीन सागरी मैल देशी होड्यांसाठी राखून ठेवले. तीन-चार दिवसांची वाटणी लोकांनी बऱ्याच अंशी पाळली, मैलांची मर्यादा मात्र कागदावरच अधिक राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

दर वर्षी किती मासळी निघाली हे ठरविण्याचे काम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. १९४७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य कार्यालय १९७१ पर्यंत याच उपसागराच्या काठी मंडपम् येथे होते. पुढे ते कोचीस गेले व मंडपम् येथे प्रादेशिक केंद्र राहिले. देशातील प्रत्येक होडी मोजणे अशक्य आहे. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडून त्यांतील काही बंदरे आणि महिन्यातील काही दिवस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडले जातात. त्या दिवशी संस्थेचा माणूस धक्क्यावर उभा राहून ठरावीक होड्यांची मासळी जातवार नोंदवितो आणि त्यावरून संख्याशास्त्राच्या नियमांनी एकूण अंदाज काढतात. या रीतीने २०२४ साली भारताच्या किनाऱ्यावर सुमारे ३४ लाख ७० हजार टन मासळी उतरली असे ठरले. तमिळनाडूचा वाटा त्यात सुमारे ६ लाख ७९ हजार टनांचा, म्हणजे गुजरातच्या खालोखाल होता.

परंतु केवळ टनांवरून समुद्राची प्रकृती कळत नाही. समजा, एखाद्या बंदरातून पूर्वी शंभर ट्रॉलर जात व प्रत्येक जण तासाला वीस किलो मासळी आणी. आज दोनशे जातात व प्रत्येकास तासाला दहाच किलो मिळते. एकूण आकडा तोच राहिला, पण समुद्र निम्म्याने रिता झाला आणि डिझेलचा खर्च दुप्पट झाला. यासाठी शास्त्रज्ञ दर तासाच्या श्रमामागे किती मासळी मिळाली हे पाहतात आणि माशांची लांबीही मोजतात. अंडी घालण्याच्या वयास न आलेली पिल्लेच जाळ्यात अधिक दिसू लागली की धोक्याची सूचना मिळते. ट्रॉलरच्या बारीक जाळ्यात अशी पिल्ले ढिगाने येतात व कोंबड्यांचे आणि माशांचे खाद्य बनविणाऱ्या कारखान्यांस स्वस्तात विकली जातात.

दर ताशी मासळी घटली की माणूस पुढे सरकतो, आणि येथे पुढे सरकणे म्हणजे दुसऱ्या देशात शिरणे होय. १९७४ च्या करारान्वये भारत व श्रीलंका यांची सागरी सीमा या उपसागरात आखली गेली व कच्चतीवु हे लहान बेट श्रीलंकेकडे गेले. १९७६ साली मन्नारच्या आखातातील सीमाही ठरली. रामेश्वराजवळ ही रेषा थोड्याच सागरी मैलांवर आहे. किनाऱ्यालगतचा राखीव पट्टा सोडला तर ट्रॉलरास उरते ती एक अरुंद पट्टी. श्रीलंकेत १९८३ ते २००९ पर्यंत यादवी युद्ध चालू असताना तेथील तमिळ कोळ्यांवर कडक निर्बंध होते. त्यांचे पाणी मोकळे पडले आणि भारतीय ट्रॉलर तेथे जाऊ लागले. युद्ध संपल्यावर जाफना व मन्नारचे कोळी परत आले, तो त्यांची जाळी ट्रॉलरखाली तुटू लागली. दोन्ही तीरांवर भाषा एक, धंदा एक, पुष्कळदा नातीही एकच. तरी हा तंटा विकोपास गेला. २०१७ साली श्रीलंकेने तळ खरवडणाऱ्या जाळ्यांवर कायद्याने बंदी घातली. २०२४ या एका वर्षात श्रीलंकेच्या नौदलाने पाचशेहून अधिक भारतीय कोळ्यांना अटक केली व त्यांच्या होड्या जप्त केल्या. होडी गेली की मालकाचे कर्ज उरते आणि खलाशाची रोजी बुडते.

ट्रॉलर सोडून खोल समुद्रात कुपा पकडण्यास जावे, यासाठी २०१७ साली भारत सरकारने एक योजना आखली. तीन वर्षांत दोन हजार ट्रॉलर बदलावयाचे होते. नव्या जहाजाची किंमत ऐंशी लाख रुपये धरून त्यातील निम्मी रक्कम केंद्राने, पाचवा हिस्सा राज्याने, तितकेच कर्जरूपाने व उरलेला दहावा भाग मालकाने द्यावयाचा, असा हिशेब होता. योजना उद्दिष्टापासून फार दूर राहिली. त्यात नवल नाही. एका रात्रीत जाऊन सकाळी परतणाऱ्या माणसास आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहावे लागणार, लांब दोरास हजारो गळ लावण्याचे कसब नव्याने शिकावे लागणार आणि वर कर्ज फेडावे लागणार. पैशाची मदत मोठी होती, पण हा बदल केवळ पैशाचा नव्हता.

निसर्गाचे आघात याशिवाय आहेतच. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यम् जवळ किनाऱ्यास धडकले व मल्लिपट्टणम् सारख्या बंदरांतील होड्या एकमेकींवर आदळून मोडल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये मंडपम् जवळ आखाताच्या बाजूस नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जीवाची इतकी वाढ झाली की पाणी हिरवे झाले, त्यातील प्राणवायू घटला व मासे मरून किनाऱ्यास लागले. उथळ पाणी लवकर तापते, त्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात येथील प्रवाळ पांढरे पडले होते.

पूर्व किनाऱ्यावर यंत्रचलित होड्यांस दर वर्षी १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पश्चिम किनाऱ्यावर हीच बंदी १ जून ते ३१ जुलै अशी आहे. बंदीच्या काळात ट्रॉलर दुरुस्तीस लागतात, खलाशी काम शोधीत इतरत्र जातात आणि सरकार प्रत्येक कुटुंबास काही मदत देते. बंदी उठल्यावर पहिल्या फेऱ्यांत कोळंबी भरपूर येते व मोठीही असते, परंतु काही आठवड्यांतच तिचे प्रमाण उतरते. दोन महिन्यांत साठलेले इतक्या वेगाने का संपते, हे बंदरातील ट्रॉलरांची रांग पाहिली की सांगावे लागत नाही. याच्या जोडीला मंडपम् केंद्राने हिरवट वाघी कोळंबीची पिल्ले हौदात वाढवून उपसागरात सोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. नखाएवढी ही पिल्ले पिशव्यांत भरून होडीने नेतात आणि जेथे गवत अजून दाट आहे, अशाच जागी पाण्यात सोडतात.